काहीच दिसलं नाही म्हणे

रात्री सगळं आवरल्यावर कबची, म्हणजे स्काउटिंगमधल्या लहान मुलांची, लॉगबुकं तपासायला घेतली. बहुतेकांनी पानभर लिहिलंय. एकाने फक्त दोन वाक्यं लिहिलीत. 'आज समुद्रावर गेलो. काहीच दिसलं नाही.' खाली सिक्सचा, म्हणजे त्याच्या सहा जणांच्या गटाचा, रंग आणि अर्धवट खोडलेलं काहीतरी.

दुसऱ्या कुणी लिहिलं असतं तर पान उलटून पुढे गेले असते. पण हा तो मुलगा. कापडाखालच्या वस्तू मिनिटभर दाखवून पुन्हा झाकायच्या आणि आठवतील तेवढ्या लिहायच्या, या खेळात त्याला अजून कुणी हरवलेलं नाही. कात्रीचं टोक कुठल्या बाजूला होतं, तेसुद्धा सांगतो. त्याला काहीच दिसलं नाही?

वाईट वाटलं. खूपच वाटलं. किती दिवस भरती-ओहोटीचं कोष्टक समोर ठेवून बसले होते. अमावास्येच्या जवळचा रविवार मुद्दाम निवडला, कारण उधाणाच्या दिवसांत पाणी जेवढं वर चढतं तेवढंच मागेही हटतं आणि एरवी बुडालेले खडक उघडे पडतात. संमतीपत्रं, पालकांचे फोन, प्रथमोपचाराची पेटी, सगळं एकटीने. सरांचं ते आयत्या वेळचं... जाऊ दे, ते आज नको.

आणि दिसलं नव्हतं का? खडकभर बार्नॅकल, म्हणजे कवचातले छोटे जीव, होते. पिल्लू असताना पाण्यात पोहत फिरतात, मग डोकं खाली करून स्वतःला खडकाला कायमचं चिकटवून घेतात आणि पुढे जन्मभर पायांनी अन्न ओढून खातात. हे सांगितल्यावर मुलं केवढी हसली! डबक्यात समुद्रफूल होतं, फुलासारखा दिसणारा प्राणी. शंख पाठीवर घेतलेला खेकडा होता, त्याचं पोट मऊ असतं म्हणून रिकामा शंख शोधावा लागतो, आणि वाढला की आणखी मोठा. दगड उचलला की खालचे जीव उन्हाने सुकायच्या आत तो होता तसाच ठेवायचा, हे तर प्रत्येकाने स्वतः करून पाहिलं.

लिंपेटपाशी, म्हणजे एका समुद्री गोगलगायीपाशी, आम्ही सर्वांत जास्त वेळ थांबलो. छोट्या टोपीसारखं कवच, खडकाला असं घट्ट बसलेलं की कडेने नखही आत जात नाही. पाणी आलं की तो हिंडून शेवाळ खरवडतो आणि ओहोटीच्या आधी नेमका आपल्याच जागी परततो. कवचाची कड त्या जागेच्या उंचसखलपणाप्रमाणे वाढते, त्यामुळे दुसरीकडे ती तशी बसतच नाही. त्याच्या दातांचा पदार्थ तोवर तपासलेल्या सगळ्या जैविक पदार्थांत सर्वांत मजबूत निघाला, २०१५ साली. हे सांगताना माझ्याच अंगावर काटा आला होता. तो मुलगा शेजारीच उकिडवा बसला होता. बसलाच होता की.

तरी काहीच दिसलं नाही.

दिव्याखाली वही तिरकी धरली तर खोडलेल्या जागी एक गोल दिसतो. लिंपेट उठून गेल्यावर उरणारी खाच असेल, नाहीतर नुसताच गोल.

सकाळी बसमध्ये चढताना त्याच्या गळ्यात स्कार्फवरून दुर्बीण होती. 'डॉल्फिन किती वाजता येतात?' असं त्याने विचारलं होतं. मग वाटलं, डॉल्फिन नाही दिसला म्हणून रुसला असेल. तेवढंच असतं तर बरं झालं असतं.

पण तेवढंच नाही. आज मी दाखवलेलं सगळं बंद होतं. बार्नॅकलची झाकणं मिटलेली, समुद्रफुलाचा पाकळ्या आत ओढून घेतलेला बुळबुळीत गोळा, लिंपेट जागचा हलायला तयार नाही. हा असा उघडतो, हा असा खातो, हा असा फिरून घरी येतो, हे सगळं बोलून सांगितलं ते मी. बाकीच्यांनी माझं बोलणं वहीत उतरवलं. याने डोळ्यांना दिसलं तेवढंच लिहिलं. निरीक्षण म्हणजे हेच, असं त्याला शिकवलंयही आम्हीच. १९०७ साली इंग्लंडमधल्या ब्राउन्सी बेटावर स्काउटिंगचे संस्थापक बेडन-पॉवेल यांनी पहिलं शिबिर घेतलं तेव्हापासून स्काउटिंगमध्ये हाच पाठ आहे, आधी नीट बघा.

अजूनही थोडं लागतंच. पण मघाचा कढ ओसरलाय. लहान मुलांना खडकांवर सुखरूप नेता येतं ते ओहोटीतच, आणि तेव्हाच तिथले जीव दारं लावून बसलेले असतात. याला मी काय करणार आणि तो तरी काय करणार.

त्याच्या ओळीखाली शेरा लिहिला नाही. 'तुला काय बघायचं होतं?' एवढं विचारलंय आणि खाली जागा सोडलीय.

पुढच्या खेपेला खडक झाले की लगेच परत फिरायचं नाही. धक्क्याच्या वरच्या कोरड्या पायऱ्यांवर बसवून पाणी चढताना बघू द्यायचं. खालच्या पायऱ्यांवर बार्नॅकल आहेतच. पाणी पोचलं की झाकणं उघडतात आणि पिसांसारखे पाय आत-बाहेर व्हायला लागतात. वरून नीट दिसावं म्हणून तळाला काच बसवलेला डबा करून घ्यायचा, लांब दांड्याचा, म्हणजे कुणाला पाण्याशी वाकावं लागणार नाही. एका सिक्समागे एक मोठं माणूस हवंच. बस उशिरा सुटेल, तर पालकांना आधीच कळवून ठेवते.