दुसऱ्या भागातला काळोख

इंडियाना जोन्सच्या सिनेमांतल्या पहिल्या भागावर, 'रेडर्स ऑफ द लॉस्ट आर्क'वर, जीव टाकणारे पुष्कळ लोक दुसऱ्या भागावर, 'इंडियाना जोन्स अँड द टेम्पल ऑफ डूम'वर, खार खाऊन असतात. पहिला भाग 1981चा, हा 1984चा. कथा रचणाऱ्या जॉर्ज ल्यूकसला तो मुद्दाम काळाकुट्ट हवा होता, कारण त्याच्याच 'स्टार वॉर्स'च्या दुसऱ्या भागात, 'एम्पायर स्ट्राइक्स बॅक'मध्ये, तो डाव जमला होता. पुढे खुद्द दिग्दर्शक स्पीलबर्गनेच हा भाग अति भयाण झाल्याचं कबूल केलं. तरीही डोक्यातून जात नाही तो हाच, आणि ते रक्तामुळे नव्हे.

पहिल्या भागात नायक इंडी मार खातो, हरतो, पण तो कोणाच्या बाजूचा याची शंका कधी येत नाही. इथे त्याच्या घशात जबरदस्तीने 'कालीचं रक्त' ओततात आणि तो ठगांचा पुजारी मोला राम याचा भक्त होऊन बसतो. जीव लावणाऱ्या शॉर्ट राउंड या पोराच्या थोबाडीत मारतो, सोबतच्या गायिकेला, विलीला, बळीच्या पिंजऱ्यात जखडायला हातभार लावतो. याआधी एका अनोळखी माणसाचा बळी आपल्याला अथपासून इतिपर्यंत दाखवलेला असतो: छातीत घुसणारा हात, धडधडतं काळीज, पिंजरा खाली लाव्ह्यात, आणि माणूस जळताच मुठीतलं काळीज पेट घेतं. त्यामुळे विलीचा पिंजरा हलला की पुढे काय होणार ते कोणी सांगायला लागत नाही. पोरगं मशालीचा चटका देऊन इंडीला भानावर आणतं, तेव्हा कुठे आपला श्वास सुटतो.

मोला राम झालेल्या अमरीश पुरींचा वाटाही मोठा. ते कुठेही घाई करत नाहीत. हात छातीकडे सरकतो तो पूजेतला एखादा विधी चालल्यासारखा. या भूमिकेसाठी त्यांनी मुंडण केलं आणि तोच तुळतुळीत गोटा पुढे त्यांची ओळख झाला.

इतका वेळ भुयारात गुदमरल्यावर खाणीतल्या गाड्यांचा पाठलाग येतो. ही कल्पना पहिल्या भागाच्या पटकथेतून उरलेली. जवळचे शॉट लंडनजवळच्या एल्स्ट्री स्टुडिओत बांधलेल्या रुळांवर घेतले, लांबचे छोट्या मॉडेलवर. सिनेमाचा कॅमेरा आत मावायचा तर बोगदे फार मोठे बांधावे लागले असते. म्हणून निकॉनचा फोटोचा कॅमेरा फेरफार करून वापरला आणि बोगदे चुरगळून रंगवलेल्या ॲल्युमिनियम फॉइलचे केले. गाड्यांचा खडखडाट डिस्नीलँडच्या रोलर कोस्टरचा आहे. हेडफोन लावून ऐका.

जेवणावळीचा प्रसंग मात्र माफ करण्यासारखा नाही. माकडाचा मेंदू, सापाच्या पोटातून वळवळत निघणाऱ्या ईल... ही निव्वळ अज्ञानातून आलेली टवाळी, भीतीशी तिचा काही संबंध नाही. ठगांचंही तेच. खरे ठग प्रवाशांना रुमालाने गळा आवळून मारत, काळीज उपटत नसत. भारत सरकारने पटकथेत बदल मागितले, निर्माते तयार झाले नाहीत, आणि कथेतला 1935चा भारत श्रीलंकेत कँडीजवळ उभा राहिला.

तिथल्या दरीवरचा झुलता पूल मात्र खरा होता. आत पोलादी दोर, ते स्फोटकांनी तोडायचे. म्हणजे संधी एकच, म्हणून एकाच वेळी अनेक कॅमेरे लावले. खाली कोसळणारी माणसं म्हणजे यांत्रिक बाहुले, हातपाय झाडत राहावेत म्हणून आत मोटारी बसवलेले. वेग कमी करून पाहिलं तरी ते पाय झाडताना दिसतात.

अमेरिकेत हा सिनेमा 'पीजी' (मुलांनी पालकांच्या सल्ल्याने पाहावा) प्रमाणपत्रावर लागला. लहान मुलांना घेऊन गेलेले पालक भडकले, त्याच उन्हाळ्यातल्या 'ग्रेमलिन्स' या सिनेमानेही तेल ओतलं. मधली एखादी पायरी हवी असं स्पीलबर्गनेच सुचवलं आणि 1 जुलै 1984 पासून 'पीजी-13' (तेरा वर्षांखालच्या मुलांच्या पालकांना ठळक इशारा) सुरू झालं. घरात दहा वर्षांचं पोर असेल तर पहिला भाग खुशाल लावा, हा दोन-तीन वर्षांनी.