हेझल हॉचकिसची भिंत: सहावा आठवडा

मंडळी, आधी आकडा सांगतो: ६४. टप्पा न पडू देता भिंतीवर सलग ६४ व्हॉली. पहिल्या आठवड्यात ११ च्या पुढे गाडी सरकत नव्हती.

हा सराव मी अमेरिकन टेनिसपटू हेझल हॉचकिसवरून घेतलाय. जन्म १८८६, हील्ड्सबर्ग, कॅलिफोर्निया. पुढे कुटुंब बर्कलीला आलं. तिथल्या घरामागचं अंगण खडीचं आणि उंचसखल होतं, चेंडूचा टप्पा कुठे उडेल याचा नेम नाही. म्हणून ती भावांबरोबर चेंडू हवेतच मारायला शिकली. विद्यापीठाच्या कोर्टवर सकाळी आठनंतर मुलींना मज्जाव, तर ही सहालाच हजर! त्या काळी बहुतेक बायका बेसलाइनवरून, म्हणजे कोर्टच्या मागच्या रेषेवरून खेळायच्या. हेझल मात्र नेटकडे धावायची.

१९०९ साली ती फिलाडेल्फियाच्या गवतावर अमेरिकन अजिंक्यपदासाठी उतरली. गवताची तिला फारशी सवय नव्हती. तरी आदल्या वर्षीची विजेती मॉड बार्गर-वॉलक ६-०, ६-१ अशी हरली. मला यात नवल वाटत नाही. चेंडू जमिनीला लागूच द्यायचा नाही असं ठरवलं, तर जमीन कुठली हा प्रश्न निम्मा सुटतो. एकेरी, दुहेरी, मिश्र दुहेरी ही तिन्ही पदं तिने १९०९, १९१० आणि १९११ अशी सलग तीन वर्षं घेतली. १९११ च्या फायनलमध्ये फ्लोरेन्स सटनने तिला चांगलंच झुंजवलं: ८-१०, ६-१, ९-७. तो तिसरा सेट बघायला मिळाला असता तर मी काहीही दिलं असतं.

आता माझी भिंत. आधी मी आठ पावलांवर उभा राहून रॅकेट मागे नेत होतो. चौथ्या आठवड्यात चार पावलांवर आलो आणि रॅकेट मागे न्यायला वेळच उरला नाही. चेंडू समोर, मनगट घट्ट, नुसता ठोसा. इथेच आकडा २० वरून ४० वर गेला. पुढचे २४ पायांनी मिळवून दिले. चेंडूकडे हात लांबवण्याऐवजी एक छोटं पाऊल टाकायचं, एवढंच. बॅकहँड, म्हणजे उलट्या हाताचा फटका, अजून कच्चा आहे, बहुतेक चुका तिकडेच होतात.

हेझल १९१९ साली पुन्हा एकेरीची विजेती झाली, तेव्हा ती मुलाबाळांची आई होती. १९२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये दोन सुवर्णपदकं: हेलन विल्सबरोबर दुहेरीत आणि नॉरिस विल्यम्सबरोबर मिश्र दुहेरीत. वय ३७! अमेरिका आणि ब्रिटनच्या महिला संघांमध्ये १९८९ पर्यंत खेळला जाणारा वाइटमन कप तिच्याच सासरच्या नावाचा.

पुढचा आठवडा फक्त बॅकहँडचा. चारच पावलांवरून, रोज सकाळी सहाला. कुणी बॅकहँड व्हॉली भिंतीवर सुधारली असेल तर पकड कशी ठेवलीत ते नक्की सांगा.