परड्यातला गावठी टोमॅटो

फेब्रुवारी, रविवार रात्र

यंदाचा पहिला पूर्ण पिकलेला गावठी टोमॅटो आज खाल्ला. नुसता, वर जाडं मीठ टाकून, घरामागच्या परड्यात उभ्या उभ्याच. दिवसभर तीच चव डोक्यात आहे म्हणून झोपायच्या आधी लिहून ठेवते.

हे बी आईच्या माहेरचं, कुडाळकडचं. फळ चपटं, पाकळ्या पाकळ्या पडलेलं, देठाजवळ शेवटपर्यंत हिरवट राहणारं, आणि साल एवढी पातळ की पिशवीत तळाशी गेलं की संपलंच. वेंगुर्ल्याच्या बाजारात मांडलं तर गिऱ्हाईक बाजूचे गोल चकचकीत लालभडक उचलणार, मला माहितीय. पण चावलं की आधी आंबट लागतं, मग गोड, आणि मग झाडाच्या पानांना हात लागला की बोटांना जो वास येतो ना, त्याची एक झाक मागून येते. दुकानातल्या टोमॅटोत ही तिसरी गोष्ट नसतेच. परदेशात अशा पिढ्यानपिढ्या राखलेल्या वाणांना एअरलूम म्हणतात, चेरोकी पर्पल, ब्रँडीवाइन, ब्लॅक क्रिम असली नावं, आणि लोक ते भरपूर पैसे मोजून घेतात. आमच्याकडे त्याला नाव पण नाही, 'आजीचा टोमॅटो' एवढंच.

त्या देठाजवळच्या हिरव्या रंगाबद्दल वाचलं तेव्हापासून मला तो भाग जास्तच आवडायला लागलाय. २०१२ साली 'सायन्स' मध्ये एक शोधनिबंध आला होता. जवळजवळ सत्तर वर्षं बियाणं तयार करणाऱ्यांनी एकसारखी फिकट हिरवी फळं धरणारी झाडं निवडली, कारण ती एकाच वेळी एकसारखी लाल होतात, तोडायला आणि विकायला सोपी. पण त्या निवडीत फळातल्या हिरव्या कणांची वाढ सांभाळणारं एक जनुकच निकामी झालेलं होतं. कच्चं फळ स्वतःसुद्धा उन्हात थोडी साखर बनवतं, गडद हिरवं असेल तर जास्त. म्हणजे दिसायला जो डाग वाटतो तिथे गोडी तयार होत असते, आणि आपण दिसण्यासाठी ती घालवून बसलो. मला याचा खरंच राग येतो.

कोकणात टोमॅटो लावणं म्हणजे थंडीशी वेळ जुळवणं. गणपतीनंतर तरवा टाकायचा, भात कापून झालं की रोपं वाफ्यात लावायची, आणि डिसेंबर ते फेब्रुवारीत रात्री पांघरूण लागतं तेवढ्या काळात जे काय फळ धरायचं ते धरून घ्यायचं. रात्रीचा गारवा गेला की फुलं गळतात, आणि दिवसा पारा पस्तिशीच्या वर गेला की परागच निकामी होतो. मार्चमध्ये झाड हिरवंगार दिसतं आणि फळ एक नाही, तेव्हा खत वाढवून काही उपयोग नसतो. पावसात तर विचारच नको.

आणि खरं सांगू का, पावसात टोमॅटो नसला तर कोकणातल्या स्वयंपाकाचं अडत पण नाही. २०२३ च्या जुलैत टोमॅटो शंभरी पार गेला, टीव्हीवर दुसरी बातमी नव्हती, आणि इथे बरणीत आमसुलं होती, चिंच होती, काही अडलं नाही. बांगड्याच्या तिखल्यात मी आजही टोमॅटो घालत नाही, तिथे सोलं आणि तिरफळंच पाहिजेत, यावर मी कोणाचं ऐकणार नाही.

आपल्याकडचा मोठा शत्रू म्हणजे मर, जिवाणूमुळे झाड सुकवणारा रोग. जांभ्याची आंबट माती आणि दमट हवा, त्यात हा जिवाणू मस्त राहतो. सकाळी टवटवीत असलेलं झाड दुपारी माना टाकतं, पानं पिवळी पण पडत नाहीत, हिरवीच्या हिरवी सुकतात, आणि लोकांना वाटतं पाणी कमी पडलं म्हणून अजून पाणी घालतात. ओळखायची एक सोपी पद्धत आहे. खोडाचा तुकडा कापून काचेच्या ग्लासात स्वच्छ पाण्यात उभा धरायचा, थोड्या वेळात कापलेल्या टोकातून पांढुरका धागा खाली सुटायला लागतो. तो दिसला की झाड मुळासकट काढून लांब नेऊन जाळायचं, आणि त्या जागी पुढचे काही हंगाम टोमॅटो, वांगी, मिरची काहीच लावायचं नाही, कारण तो मातीत टिकून राहतो.

यावर उपाय म्हणून अर्का रक्षकसारखे संकरित वाण आहेत, बेंगळुरूच्या भारतीय फलोत्पादन संशोधन संस्थेने काढलेला, मर, करपा आणि पानं मुरडणारा विषाणू तिन्हींना दाद देत नाही. विकायला लावणाऱ्याने तोच लावावा, माझं काही म्हणणं नाही. पण त्याचं बी धरून पुढच्या वर्षी लावलं तर तसंच झाड येत नाही, आणि चवीचं म्हणाल तर मला आजीचाच पाहिजे. म्हणून यंदा कलमं केली. वांग्याच्या खुंटावर टोमॅटो, म्हणजे खाली मुळं वांग्याची आणि वर झाड टोमॅटोचं! तैवानच्या जागतिक भाजीपाला केंद्राने मर रोगाला न जुमानणाऱ्या वांग्यांच्या खुंटांवर यासाठी बरंच काम केलंय. आपल्या भागात काजू-आंब्याची कलमं बांधणारे हात घरोघरी आहेत, त्यांना हे शिकवायला वेळ लागणार नाही. दोन्ही रोपं पेन्सिलीपेक्षा बारीक असताना खुंटाला चीर द्यायची, वर टोमॅटोची पाचर बसवायची, क्लिप लावायची आणि काही दिवस सावलीत, झाकून, दमट ठेवायची. एकच लक्षात ठेवायचं, लावताना कलमाचा जोड मातीच्या वर राहिला पाहिजे, नाहीतर टोमॅटो स्वतःची मुळं सोडतो आणि सगळी मेहनत वाया. शेजारच्या काकी ऐकून म्हणाल्या, "वांग्यार टोमॅटो? माका दाखव गो!" आणि मग रोज येऊन बघून जायच्या. चिव्याच्या (बारीक बांबूच्या) काठ्या पण त्यांनीच दिल्या, बांधायला सुंभ.

केलडी, म्हणजे माकडं, मात्र कलमाला पण ऐकत नाहीत. त्यामुळे पूर्ण लाल होईपर्यंत सगळी फळं झाडावर ठेवणं परवडत नाही. पण यात नुकसान फारसं नाही हे मला आता पटलंय. फळाच्या टोकाला गुलाबी-पिवळी झाक आली की त्याला झाडाकडून जे मिळायचं ते बहुतेक मिळालेलं असतं, तेव्हा तोडून घरात सुपात पसरलं तरी चव छान येते. हिरवंगार तोडून ट्रकमध्ये भरलेलं आणि हे, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

बियांसाठी दोन झाडांना लाल चिंधी बांधून ठेवलीय. सगळ्यात मोठं फळ बघून नाही हं, झाड बघून. निरोगी, उशिरापर्यंत तग धरणारं, सुरुवातीपासून धरणारं. टोमॅटो बहुतेक स्वतःच्याच परागावर फळतो म्हणून गावठी वाण परड्यात सहज शुद्ध राहतो. गर-बी काचेच्या भांड्यात काढून दोन-तीन दिवस ठेवायचं, वर बुरशीचा पापुद्रा येतो, घाण वास येतो, येऊ दे. बीभोवतीचं जे बुळबुळीत आवरण उगवण अडवतं ते त्यात सुटतं. मग धुवून, तळाशी बसलेलं बी घेऊन, सावलीत वाळवायचं. काकी राखेत घोळवून भिंतीला थापतात, मी कोरड्या बाटलीत ठेवते, कारण आपल्याकडच्या पावसाळी दमट हवेत बी लवकर मरतं. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरेंना २०२० ची पद्मश्री मिळाली ती हेच काम हजारोपटीने केलं म्हणून, गावठी बी जमवणं आणि वाटणं. त्यांचं नाव ऐकलं की बाटलीवर वर्ष लिहायचा कंटाळा येत नाही.

दुपारी सार केलं. असल्या टोमॅटोला मसाला लावायचा नसतो. उकडून, सालं काढून, गाळून, त्यात नारळाचं दूध, चिमूटभर गूळ, मीठ, आणि साजूक तुपाची जिरं-हिंग-कढीपत्ता-हिरवी मिरची फोडणी. दूध घातल्यावर उकळी फुटू द्यायची नाही, आंबटपणामुळे फुटतं, नुसतं गरम करायचं. उकड्या तांदळाचा भात आणि भाजलेला सुका बांगडा. रात्री उरलेले दोन चुलीत निखाऱ्यावर भाजले, सालं काळी झाली की सोलून, कच्चा कांदा, मिरची आणि ओलं खोबरं घालून हाताने कुस्करलं. भाकरीबरोबर बाबांनी दोनदा घेतलं, ते सहसा भरीत खात नाहीत. फुटलेली फळं होती त्यांची सुक्या जवळ्यात घालून चटणी होईल उद्या.

दादा उद्या सकाळच्या गाडीने मुंबईला जातोय. त्याच्या पिशवीत झाक आलेले टोमॅटो पेंढा घालून देठ खाली करून रचलेत, एकावर एक नाहीत, एकच थर. वहिनीला फोन करून बजावलंय, फ्रीजमध्ये ठेवायचे नाहीत. २०१६ च्या एका अभ्यासात पिकलेले टोमॅटो पाच अंशाला आठवडाभर ठेवून बघितले होते, साखर-आंबटपणा तसाच राहिला पण वास देणारी द्रव्यं उतरली आणि बाहेर काढून एक दिवस ठेवले तरी पूर्ण परत आली नाहीत. ती म्हणाली ओट्यावर ठेवते, खिडकीपासून लांब, रोज एक बघून काढते. आणि बी पण धरणार म्हणतेय, बाल्कनीत कुंडी आहे तिच्याकडे, रात्री गार हवा पडते तिथे.