ओल्ड फॅशन्डमधलं पाणी

घरगुती पार्ट्यांना कॉकटेल करून देणं हे माझं काम. पुण्यात कोथरूडच्या एका घरून बोलावणं आलं, तेही पार्टीच्या आदल्या दुपारीच. काकांचं ओल्ड फॅशन्ड हे व्हिस्कीचं कॉकटेल तीनदा फसलं होतं: पाणचट चव आणि तळाशी साखर. "व्हिस्कीच बदलू का रे?" त्यांनी विचारलं. "राहू द्या काका. तुम्ही करता तसंच एकदा करून दाखवा."

साखरेचं कारण लगेच दिसलं. चमचाभर साखरेवर ते थेट व्हिस्की ओतत होते. साखर अल्कोहोलमध्ये जेमतेम विरघळते, वर बर्फ पडला की तेवढीही विरघळत नाही. 100 मिली गरम पाण्यात 200 ग्रॅम साखर विरघळवून पाक करून ठेवला. एका ग्लासला त्यातला 7.5 मिली पुरतो.

पाणचटपणाचं मूळ बर्फात होतं. दुकानातून आणलेला, मधे पोकळ असलेला बर्फ बादलीत अर्धा तास पडून ओला झाला होता. वजनकाटा मागवला आणि दोन ग्लास शेजारी ठेवले. दोन्हींत 60 मिली व्हिस्की, 7.5 मिली पाक, अंगोस्तुरा बिटर्सचे (मसाल्यांचा कडू अर्क) दोन शिंतोडे, म्हणजे जवळपास 69 मिली. एकात बादलीतला बर्फ, दुसऱ्यात फ्रीझरमधून तेव्हाच काढलेले, कोरडे, मोठे चौकोनी खडे. दोन्ही तीस सेकंद ढवळून गाळले. ओल्या बर्फाचं पेय 110 मिली भरलं, कोरड्याचं 94. आपल्याकडच्या बहुतेक बाटल्यांत 42.8 टक्के अल्कोहोल असतं. त्या हिशेबाने पहिलं पेय साधारण 24 टक्क्यांवर उतरलं, दुसरं 28 वर. काकांनी दोन्ही चाखले आणि व्हिस्की बदलायचा विषय तिथेच संपला.

पण पाणी हा इथे शत्रू नाही, हे मला आवर्जून सांगावंसं वाटतं. 13 मे 1806 रोजी अमेरिकेतल्या हडसन गावच्या एका वृत्तपत्राने कॉकटेल म्हणजे काय ते छापलं होतं: मद्य, साखर, पाणी आणि बिटर्स. पाणी तेव्हापासूनच कृतीत आहे. ते मोजून पडायला हवं, एवढंच.

पेल्यात घालायच्या मोठ्या खड्यांसाठी काकूंचा पोळ्यांचा इन्सुलेटेड डबा घेतला. पाणी भरून, झाकण न लावता फ्रीझरमध्ये ठेवला. डब्याच्या बाजूंनी थंडी शिरत नाही, त्यामुळे पाणी वरून खाली गोठतं आणि हवेचे बुडबुडे तळाकडे ढकलले जातात. तळचं पाणी गोठायच्या आत लादी बाहेर काढायची. वरचा भाग काचेसारखा निघतो, तो करवतीच्या सुरीने कापायचा.

संत्र्याची साल मात्र जपून. नागपुरी संत्र्याची साल सैल असते, सोलाणं त्यावर नीट चालत नाही. हाताने सोलून दोन इंचांचा तुकडा कापायचा, आतला पांढरा गर खरवडायचा आणि बाहेरची बाजू पेयाकडे धरून दाबायची, म्हणजे तेल पेयावर उडतं.

व्हिस्की सावरचं काम सोपं होतं. 60 मिली व्हिस्की, 20 मिली लिंबाचा रस, साखर आणि पाणी समान घेऊन केलेला पाक 22 मिली आणि ताज्या अंड्याचा अर्धा पांढरा बलक. आधी बर्फाशिवाय पंधरा सेकंद हलवायचं, मग बर्फ घालून बारा सेकंद. पहिल्या फेरीत शेकर घट्ट धरा. तेव्हा आत बर्फ नसल्याने शेकर गार होऊन झाकण घट्ट बसत नाही, त्यामुळे ते उडू शकतं. कागदी लिंबू पिळताना साल चिरडली की कडवटपणा उतरतो, म्हणून हलक्या हाताने.

मॅनहॅटन या व्हिस्कीच्या कॉकटेलसाठीचा गोड व्हर्मूथ सहा महिने कपाटात उघडा होता. तो शेवटी वाइनच. उघडल्यावर फ्रीजमध्ये ठेवायचा आणि महिन्या-दोन महिन्यांत संपवायचा. नवी बाटली आणायला सांगितली.

मग दहा ग्लासांचं ओल्ड फॅशन्ड एकदमच करून ठेवलं: 600 मिली व्हिस्की, 75 मिली पाक, 20 मिली बिटर्स आणि 180 मिली गार पाणी. लिटरच्या बाटलीत भरून फ्रीजमध्ये. दुसऱ्या दिवशी काकांना फक्त मोठ्या खड्यावर 87 मिली ओतायचं होतं.