तुम्ही विचारलंत म्हणून: दारूबंदी असताना ती ओळ कशाला?

कोजागिरीच्या मेसेजमधे मी खाली एक ओळ टाकते, 'नशा करून येऊ नये, सोबत काही आणू नये', आणि दरवर्षी कोणीतरी विचारतंच, अहो, बडोद्यात दारूबंदीच आहे ना, मग हे कशाला, पाहुण्यांना कसं वाटेल. यंदा पुण्याहून नवीन आलेल्या एका सूनबाईंनी पण विचारलं. म्हणून एकदाच काय ते लिहून टाकते.

दारूबंदी आहे म्हणूनच लिहावं लागतं. कायदा 1949 चा, मुंबई राज्याच्या वेळचा, 1960 ला गुजरात वेगळं झालं तरी इथे राहिला. आणि दमणच्या ट्रिपा, हेल्थ परमिट (तब्येतीच्या कारणाने दारू घेण्याचा परवाना), घरपोच आणून देणारा 'आपला माणूस', हे मी काय सांगायचं. पण जिथे उघड मिळते तिथे निदान बाटली टेबलावर दिसते, कोण काय घेतंय ते कळतं. आपल्याकडे ती कोल्ड्रिंकच्या बाटलीतून येते. व्होडका असेल तर वासही फारसा येत नाही.

मागे एका कोजागिरीला काय झालं ते सांगते, तेव्हा ही ओळ नव्हती. अगाशीवर दूध आटत होतं, कोणीतरी शेवउसळ आणलेली, बायका अंताक्षरीत, आणि टाकीमागे चारपाच जणांचं वेगळं चाललेलं. आमच्यातल्या एका गृहस्थांनी (नाव नाही सांगणार, विचारू पण नका) तहान लागली म्हणून पाण्याच्या पिंपाजवळ ठेवलेल्या बाटलीतलं कोल्ड्रिंक ओतून घेतलं, एका दमात अर्धा ग्लास, मग तोंड वाकडं करून ठेवून दिलं. थोड्या वेळाने चेहरा लालबुंद, छाती धडधडतेय म्हणाले, मग उलट्या, मग बसल्या जागी घामाने भिजले आणि डोळे फिरवले. आम्हाला वाटलं हार्ट अटॅक. त्यांच्या मिसेस रडत रडत म्हणाल्या, ते डायसल्फिरमची गोळी घेतात. दारू सोडायची गोळी. ती चालू असताना पोटात दारू गेली की शरीर ती पुढे नीट पचवूच शकत नाही, मधेच विष साठतं, आणि गोळी बंद केली तरी दोन आठवड्यांपर्यंत हे होऊ शकतं. हे मला नंतर डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा काहीच माहीत नव्हतं.

कोणीतरी 108 लावायला फोन काढला तर टाकीमागचा एक म्हणाला, थांबा थांबा, पोलीस केस होईल. आणि खरंच सगळे थांबले हो! माणूस खाली पडलाय आणि आम्ही बाटली कुठे टाकायची बघतोय. शेवटी आमच्या ह्यांनी गाडी काढली. वाचले ते. पण जी गोष्ट त्यांनी घरातल्या घरात ठेवलेली ती अख्ख्या सोसायटीला कळली, आणि वर लोक म्हणे, त्यांनी आधी सांगायला नको होतं का? काय सांगायचं, दारात उभं राहून?

आता माझंच जुनं बोलणं मला ऐकवतात. कमिटीत मीच म्हणायचे, मोठी माणसं आहेत, आपण काय पोलीस आहोत का. अजूनही नाही आहोत. दारात कोणाचं तोंड हुंगणार नाही, घरी पिऊन गुपचूप येणाऱ्याला मी कशी अडवणार, ते मला तेव्हाही कळत नव्हतं आणि आजही कळत नाही. परमिटवाले काका रुसलेत, म्हणतात माझं तर कायदेशीर आहे. काका, परमिट तुमच्या नावाचं आहे, दुसऱ्याच्या ग्लासाचं नाही. आणि बोटादला 2022 मधे लठ्ठा (गावठी दारू) म्हणून केमिकल पिऊन चाळीसच्या वर माणसं गेली, तेव्हा 'चांगल्या ठिकाणची आहे' हे पण मला सांगू नका.

मला एवढंच हवंय की आपल्या अगाशीवर ठेवलेला कुठलाही ग्लास कोणीही, लहान पोरानेसुद्धा, न विचारता उचलावा. बाकी तुम्ही घरी काय करता त्याच्याशी मला घेणंदेणं नाही.

यंदा कोल्ड्रिंक मंडळच आणणार, सीलबंद, आणि तिथेच फोडणार. बाहेरची बाटली नको, पाण्याची पण नको. मुलांच्या वॉटरबॅगांवरून कमिटीत भांडण चालू आहे, रविवारच्या मीटिंगला या.