दलदलीतले पाणी काय राखते

डेन्मार्कमधील सिल्केबोर्गजवळ मे १९५० मध्ये जळणासाठी पीट (दलदलीत वर्षानुवर्षे साचलेला अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा थर) खणणाऱ्यांना दलदलीत एका माणसाचा देह सापडला, आणि तो इतका ताजा दिसत होता की खुनाच्या संशयाने त्यांनी पोलिसांना कळवले. गळ्यात चामड्याचा फास, डोक्यावर कातडी टोपी आणि हनुवटीवर दाढीचे खुंट असलेला हा ‘टोलुंडचा माणूस’ प्रत्यक्षात सुमारे २४०० वर्षांपूर्वीचा होता.

एरवी पाण्यात पडलेला देह फुगून सडतो, कारण जिवाणूंना तेथे ओलावा, ऊब आणि प्राणवायू मिळतो. या दलदलीचे पाणी मात्र थंड, प्राणवायूविना साचलेले आणि आम्लधर्मी होते. शिवाय तेथे वाढणाऱ्या स्फॅग्नम शेवाळातून सुटणारी द्रव्ये त्वचेतल्या कोलॅजेन या तंतुमय प्रथिनाशी जोडली जातात. हिरड्याने किंवा बाभळीच्या सालीने कातडे कमावताना जे घडते, त्याच जातीची ही क्रिया आहे. पण त्वचा राखणारे तेच आम्ल हाडांतला कॅल्शियम विरघळवते. जर्मनीतील डामेनडॉर्फ येथे १९०० मध्ये सापडलेल्या देहाची तर दाबून सपाट झालेली त्वचा, केस आणि नखेच उरली होती, हाडे जवळजवळ नाहीशी झाली होती.

याच्या नेमके उलटे उदाहरण मला अधिक विलक्षण वाटते. अमेरिकेत फ्लोरिडातील विंडोव्हर येथे १९८२ मध्ये रस्त्याच्या कामात एका तळ्याच्या तळाशी सात-आठ हजार वर्षांपूर्वीची दफनभूमी उघडी पडली. तिथल्या पीटमधले पाणी आम्लधर्मी नव्हते आणि त्यात खनिजेही भरपूर होती. त्यामुळे १६८ जणांची हाडे टिकली, त्यांपैकी ९१ कवट्यांत आकसलेल्या मेंदूचे अवशेषही मिळाले, त्वचा मात्र कोणाचीच उरली नाही. म्हणजे प्राणवायू नसल्याने कुजणे मंदावते हे खरे असले, तरी त्वचा टिकेल की हाडे, हे पाण्यात काय विरघळले आहे यावरच ठरते.

बाहेर काढल्यावर खरी कसोटी लागते. टोलुंडच्या माणसाच्या डोक्यातले पाणी काढून टाकून त्याच्या जागी आधी अल्कोहोल आणि शेवटी मेण भरले गेले, तरी ते थोडे आक्रसलेच. धडावर ही प्रक्रिया झाली नाही आणि ते वाळून गेले, म्हणून सिल्केबोर्गच्या संग्रहालयात दिसणारे धड ही प्रतिकृती आहे. विंडोव्हरला संशोधकांनी पंप लावून तळे उपसले आणि जवळपास निम्मी जागाच खणली. उरलेल्या भागावर त्यांनी पुन्हा पाणी भरू दिले.