तुम्ही विचारलेत म्हणून : भेंड्यांत ‘रि’ आला तर

पुण्यात गेली बरीच वर्षे मी जपानी शिकवते. वर्ग जरा रुळला आणि पावसामुळे कोणाचीच घरी जायची घाई नसली, की कोणीतरी हमखास विचारते, ‘‘सेन्सेइ, जपानी गाण्यांच्या भेंड्या लावल्या तर गाडी कोणत्या अक्षरावर अडेल?’’ माझे उत्तर ठरलेले आहे : ‘रि’. ते ऐकून मुले हिरमुसतात, कारण ‘र’ हे आपल्याकडे भेंड्यांतले अगदी सोपे अक्षर. त्यावर गाणे सुचले नाही असे कधी होत नाही. म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

जपानी अक्षरमालेचा क्रम संस्कृत वर्णमालेवरून बेतलेला आहे. सिद्धम् या संस्कृत लिहिण्याच्या जुन्या लिपीचा अभ्यास करणाऱ्या बौद्ध भिक्षूंमुळे तो तिथे रुजला, आणि म्हणूनच तिच्या शेवटच्या ओळी या, रा, वा अशा आपल्या ओळखीच्या क्रमाने येतात. यातल्या ‘रा’च्या ओळीत रा, रि, रु, रे, रो ही पाच अक्षरे आहेत आणि मूळचा जपानी शब्द त्यांपैकी एकानेही सुरू होत नाही. शब्दाच्या पोटात आणि शेवटी मात्र ती पावलोपावली भेटतात. आपला ‘ळ’ आठवून पाहा : फळ, सकाळ, आभाळ असा तो शेवटी ऐटीत बसतो, पण शब्दाच्या सुरुवातीला कधी येत नाही. भेंड्यांत ‘ळ’ आला की आपण ‘ल’वर भागवतो, जपान्यांना तशी पळवाट नव्हती. ‘र’ने सुरू होणारे शब्द त्यांनी आधी चीनकडून आणि मग पश्चिमेकडून घेतले.

खरी गंमत भेंड्यांत होते, कारण ‘रि’वर संपणारी गाणी भरपूर आहेत. जपानीत क्रियापदापासून नाम करताना शेवटच्या ‘रु’चा बहुधा ‘रि’ होतो. ‘फुरु’ म्हणजे पाऊस पडणे, त्यावरून ‘आमेफुरि’ हे पावसाचे बालगीत. ‘नोबोरु’ म्हणजे चढणे, त्यावरून ‘कोइनोबोरि’ हे माशांच्या आकाराच्या पताकांचे गाणे. आणि उत्सव म्हणजे ‘मात्सुरि’, ज्या नावाचे किताजिमा साबुरो यांचे 1984चे गाणे घसा मोकळा करून म्हणायचे असते. समोरचा एकामागून एक ‘रि’ देत राहतो आणि आपल्या हातात काहीच नसते.

जपानी मुले शब्दांचा असाच खेळ खेळतात, त्याला ‘शिरितोरि’ म्हणतात. शब्दशः अर्थ ‘मागचे टोक पकडणे’. मागच्याने सोडलेल्या अक्षराने आपण सुरुवात करायची आणि ज्याचा शब्द ‘न्’वर संपला तो हरला, कारण ‘न्’ने सुरू होणारा शब्दच नाही. खेळ बहुधा ‘शिरितोरि’ याच शब्दाने सुरू होतो, त्यामुळे पहिल्याच गड्याच्या वाट्याला ‘रि’ येतो आणि तो न चुकता म्हणतो, ‘रिंगो’ : सफरचंद. पुढचा म्हणतो, ‘गोरिरा’ : गोरिला. आओमोरी प्रांतात मी ज्या घरी उतरले होते, तिथल्या आजींबरोबर खेळताना ‘रिंगो’ आधीच होऊन गेला होता, म्हणून मी मोठ्या ऐटीत ‘रिबोन’ म्हणाले आणि तिथेच संपले. आजींनी काही न बोलता सफरचंद सोलायला घेतले. साल एकदाही न तुटता लांबच लांब लोंबत राहिली, आणि सोलता सोलता त्या ‘रि’चेच एक गाणे गुणगुणू लागल्या.

ते गाणे म्हणजे ‘रिंगो नो उता’, सफरचंदाचे गाणे. ऑक्टोबर 1945मध्ये, म्हणजे महायुद्धातल्या जपानच्या शरणागतीनंतर दोनच महिन्यांनी, प्रदर्शित झालेल्या ‘सोयोकाझे’ या चित्रपटात ते आले आणि 1946च्या जानेवारीत त्याची ध्वनिमुद्रिका निघाली. शब्द सातो हाचिरो यांचे, चाल मान्जोमे तादाशी यांची आणि मुख्य आवाज नामिकि मिचिको यांचा. लाल सफरचंदाला ओठ लावले आहेत आणि निळे आकाश गप्प राहून पाहते आहे, एवढाच त्याचा आरंभ. लोक उपाशी असताना हे गाणे देशभर पसरले. चित्रपट कृष्णधवल होता, तेव्हा तो लाल रंग प्रेक्षकांना फक्त ऐकायला मिळाला. गाणाऱ्या नामिकिंची आई त्याच वर्षी मार्चमध्ये टोकियोवरील बॉम्बवर्षावात गेली होती. हे कळल्यापासून मला तो प्रसन्न आवाज पूर्वीसारखा सहज ऐकता येत नाही.

चौदा वर्षांच्या मिसोरा हिबारी यांनी 1952 साली गायलेले ‘रिंगो ओइवाके’ मला त्याहून सरस वाटते. ओइवाके हा घोडेहाक्यांच्या गाण्यांतून आलेला लोकगीताचा प्रकार, त्यामुळे सूर लांबवत, वळवत न्यायचा. आणि मध्येच गाणे थांबते व एक मुलगी त्सुगारूच्या बोलीत इवाकि डोंगरावरच्या ढगांविषयी आणि टोकियोत वारलेल्या आईविषयी बोलू लागते. त्सुगारू म्हणजे आओमोरीचाच पश्चिम भाग. जपानची निम्म्याहून अधिक सफरचंदे त्या प्रांतातली. मिहाशी मिचिया यांचे 1956चे ‘रिंगो मुरा कारा’, म्हणजे ‘सफरचंदाच्या गावाहून’, भेंड्यांसाठी मुद्दाम राखून ठेवावे असे आहे, कारण ते ‘रा’वर संपते आणि प्रतिपक्ष पुन्हा त्याच ओळीत अडकतो. वर्गातली तरुण मंडळी मात्र 1987चे ‘रिंदा रिंदा’ म्हणून उड्या मारतात. तेही चालते, ‘लिंडा’तल्या ‘ल’ला जपानीत ‘र’च व्हावे लागते.

मागच्या वेळी एका विद्यार्थिनीने ‘उरेशी हिनामात्सुरि’ हे बाहुल्यांच्या सणाचे बालगीत म्हटले आणि ‘रि’ माझ्यावर आला. मी ‘रिंगो नो उता’ म्हटले. दोन्हींचे कवी एकच, सातो हाचिरो, हे मी फळ्यावर लिहीपर्यंत तिने मागून ‘ता, ता, ता’ असा धोशा लावला होता. मग घाईघाईने खडू ठेवून मी खाली बसले.